एक नग, लाल, ओळख पटत नाही

श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळचे दहा. स्थळ आमच्या सांगलीच्या अपार्टमेंटची गच्ची, पाण्याच्या टाकीची सावली. हजर: अध्यक्ष माने सर, पहिल्या मजल्यावरच्या मुल्लाभाभी, दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी, तळमजल्यावरचे भाडेकरू सुभेदार यशवंत शेडगे (निवृत्त) आणि मी, सेक्रेटरी. गैरहजर नेहमीचे. विषय एकच: गौरी-गणपतीच्या आधी गच्ची रिकामी करणे.

विषय असा लिहिला असला तरी खरा विषय माझ्यासमोर सावधान उभा होता. खुर्च्या पाच मांडल्या होत्या, पण सुभेदार मीटिंगला बसत नाहीत. मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते. तेवढ्यात पाटीलवहिनींच्या गजऱ्यातलं एक अबोलीचं फूल खाली पडलं. सुभेदार दोन पावलं पुढं आले, वाकले, खिशातून चिमटा काढून फूल उचललं, कॅन्टीन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये अलगद सरकवलं, दोन पावलं मागं गेले आणि पुन्हा सावधान.

"चालू द्या मॅडम," ते म्हणाले.

सहा फूट उंची, पांढऱ्या झुबकेदार मिशा, सैन्यातली अठ्ठावीस वर्षं. असा माणूस भर सभेत बाईच्या केसातलं पडलेलं फूल चिमट्यानं उचलतो, तेव्हा सेक्रेटरीनं काय समजायचं? वहिनींनी पदर डोक्यावर घेतला. मी वहीत नोंद केली.

मी एका कॉलेजच्या भांडारात स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षं मालाची आवक-जावक लिहून माझी एक नजर तयार झाली आहे. कुठलीही वस्तू दिसली की तीन प्रश्न पडतात: ही इथं का आहे, कोणी आणली आणि हिची पावती कुठं आहे? सुभेदारांची एकही वस्तू या तीन प्रश्नांना उत्तर देत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको मिरजेच्या एका दवाखान्यात उपचार घेत होती, तेव्हा जवळ पडतं म्हणून त्यांनी ही जागा भाड्यानं घेतली. पुढं त्या वारल्या. हे मात्र सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत न जाता इथंच राहिले. सामान म्हणजे एक खाट, पांढऱ्या अक्षरांत नाव घातलेली काळी ट्रंक आणि अकरा खोकी. खोक्यांत काय आहे, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कच्चा माल," ते म्हणाले.

"कशाचा?"

"ते बनल्यावर कळंल. कोई शक?"

हा त्यांचा पेटंट शब्द. सैन्यातून येताना पेन्शनबरोबर मिळाला असावा. वाक्य कुठलंही असो, शेवटी 'कोई शक?' येणार. दूधवाल्याला, "उद्या अर्धा लिटर. कोई शक?" माने सरांना, "आज पाऊस न्हाई पडत. कोई शक?" बाकीच्यांना त्याची गंमत वाटते. माझं म्हणाल तर मला शक होता, आणि तो पहिल्या दिवसापासून वाढतच गेला.

त्याला कारणही त्यांनीच दिलं. भाडेकराराची प्रत मागायला मी गेले, तर माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, लहानपणी हातानं काय बनवत हुता तुमी?"

"काही नाही. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरला का?"

"फॉर्म भरतो की. पर काय बनवत हुता?"

"काहीही नाही."

"असं हुईतच न्हाई," म्हणाले, आणि एक लांबट रजिस्टर काढून त्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मी रजिस्टर ठेवणारी बाई आहे. दुसऱ्याच्या रजिस्टरात आपलं नाव काय म्हणून पडलं आहे, हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

पहिली तक्रार पाटीलवहिनींची आली. त्या दर सोमवारी देवाचं निर्माल्य पिशवीत घालून दाराशी ठेवतात आणि त्यांचे मिस्टर फिरायला जाताना ती नदीकाठच्या कुंडात टाकतात. ती पिशवी दाराशी राहीनाशी झाली. एकदा वहिनी स्वतःच घाटावर गेल्या, तर सुभेदार त्या कुंडात कोपरापर्यंत हात घालून उभे.

"आवं, देवाची फुलं ती," वहिनी म्हणाल्या. "पाप लागंल की."

"देवानं वास घ्येतला, वहिनी. रंग तसाच हाय. तेवढा मी घेतो. कोई शक?"

वहिनी घरी येऊन मला म्हणाल्या, "बोलण्यात काय चूक नव्हती हो. पण बरं नाही वाटलं." मला नेमकं हेच वाटतं. या माणसाच्या बोलण्यात चूक सापडत नाही, आणि चूक सापडत नसलेल्या हिशेबाइतकं संशयास्पद दुसरं काही नसतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. मार्केट यार्डात हळदीची पोती हलवली की खाली जी भुकटी उरते, ती हे कागदाच्या पुडीत घेऊन येतात. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या दारात जाऊन भोपळ्याचे तुकडे गोळा करतात. मुल्लाभाभी शिलाईकाम करतात, त्यांच्या मशीनखालच्या चिंध्या नेतात. ती अकरा खोकीही गच्चीवर चढली, आणि शेजारी ताडपत्रीखाली जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या, घडीत फुलं आणि घडीवर विटा. मी विटा मोजल्या. चौतीस. सोसायटीच्या कुंपणाच्या कामातून बरोबर चौतीस विटा उरल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, "इटा हायत तिथंच हायत मॅडम. गच्चीवर हुत्या, गच्चीवरच हायत. फक्त कामाला लावल्यात."

मिरजेचे एक चित्रकला शिक्षक त्यांचे मित्र झाले. ते एकदा येऊन सगळं बघून गेले आणि म्हणाले, असं सगळं चिकटवून चित्र करणं, याला मिक्स मीडिया म्हणतात. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी: 'सुभेदार य. शेडगे (नि.), मिक्स मीडिया'. पाटीलवहिनींना वाटलं, बातम्यांचं काहीतरी आहे. आठवडाभर त्या जिन्यात त्यांच्याशी फार जपून बोलत होत्या. एकदा तर नळाला पाणी कमी येतं, तेवढं छापा, म्हणून सांगूनही आल्या.

न्यायाला धरून एक सांगते. त्यांचं एक चित्र मी नीट बघितलं आहे. चार फुटी प्लायवर अजिंक्यतारा, सातारच्या स्टँडवरून दिसतो तसा. खडक भोपळ्याच्या तुकड्यांचे, उतारावरचं वाळलं गवत शेवंतीच्या पाकळ्यांचं, आणि उन्हाला मार्केट यार्डातली हळद. मला चित्रातलं कळत नाही, पसाऱ्यातलं कळतं. पण त्या उन्हाकडं बघून मी डोळे बारीक केले, एवढं खरं. मग बुरुजावर सोनेरी पट्टी दिसली. ती माझ्या भाच्याच्या लग्नपत्रिकेची होती.

"ही तुमच्याकडं कशी?"

"तुमीच ग्रुपवर लिवलं हुतं, जुन्या पत्रिका टपालाच्या पेटीतनं काढून टाका म्हणून. मी काढली. टाकली न्हाई, एवढंच."

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की इमारत फितूर होत चालली आहे. माने सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या उजव्या अंगठ्याला एक दिवस पट्टी दिसली. काय झालं, तर "काही नाही, भाजी चिरताना." माने सरांनी आयुष्यात भाजी चिरलेली नाही. गच्चीवर गेले तर हे दोघे म्हातारे मांडी घालून बसलेले, मध्ये जोंधळ्याची ताटं, आणि सर ताट सोलून त्याच्या चोयट्या काढत सुभेदारांना सांगताहेत, "असं नाही हो. आस आरपार गेली पाहिजे, नाहीतर चाक फिरत नाही. आम्ही गाडी पळवत शाळेपर्यंत न्यायचो." मला बघून सरांनी गाडी धोतराखाली लपवली. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, सोसायटीचा अध्यक्ष.

मुल्लाभाभींकडं सुभेदार बाहुल्या करायला शिकले. भाभींना विचारलं, तर त्या हसायला लागल्या. "मॅडम, तोंड कसं शिवायचं ते विचारायला आले होते. मी म्हटलं, तोंड शिवायचं नसतं, भरायचं असतं. चार वेळा उसवलं. लष्करातला माणूस, पण सुई धरतो चांगली." पाटीलवहिनींकडून काड्यापेट्यांचं कपाट कसं करायचं ते शिकून घेतलं, भातुकलीत असायचं तसं, ओढायचे खण आणि खणाला मणी. पाण्याची तक्रार छापून येत नाही हे कळल्यावरही वहिनी त्यांना रिकाम्या काड्यापेट्या देत राहिल्या.

आणि मला भेटले की एकच प्रश्न. जिन्यात, गेटपाशी, वीजबिल देताना. "मॅडम, आटवलं का काय? काय बनवत हुता?"

सगळ्यात मोठा संशय शनिवारचा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुभेदार सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जातात आणि संध्याकाळी परत येतात. हातात एक खाकी पिशवी, चांगली फुगलेली. माझ्या गॅलरीतून गेट दिसतं. मी सहा महिने बघते आहे, पिशवी जाताना फुगलेली असते आणि येतानाही तेवढीच फुगलेली असते. माल द्यायला गेला तर पिशवी रिकामी यायला हवी, आणायला गेला तर रिकामी जायला हवी. भरलेली नेणे आणि भरलेली आणणे याला भांडारशास्त्रात काही अर्थ नाही. त्यात साताऱ्याजवळ कासचं पठार. तिथली फुलं तोडायला बंदी आहे. आणि यांच्या विटांखाली मला तिथं फुलतो तसा गुलाबी तेरडा सापडला. मी फोटो काढून ठेवला. "हा कुठला?" विचारलं तर म्हणाले, "रेल्वे लाइनीच्या गटारीकडंचा." असेल. नसेलही.

त्यांचं रजिस्टर मी एकदा बघितलं. चोरून म्हणता येणार नाही, ते गच्चीच्या कठड्यावर उघडं होतं आणि वारा पानं उलटत होता. इमारतीतल्या सगळ्यांची नावं, फ्लॅट नंबरासकट. माने सरांपुढं 'ताटाची गाडी'. मुल्लाभाभींपुढं 'बाहुली'. वहिनींपुढं 'कपाट'. दूधवाला होता, गॅसवाला होता, मिरजेचे तंबोरेवाले होते. माझ्या नावापुढं जागा रिकामी सोडली होती आणि तिथं पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह. याद्या मीही करते, म्हणून सांगते, यादी कोणी उगाच करत नाही.

तर त्या रविवारच्या सभेत मी माझी यादी वाचली. गच्चीवरील अडगळ, एकूण एक्केचाळीस नग, पैकी सदतीस श्री. शेडगे यांचे. टाकीची गळती काढायला माणसं येणार, जागा मोकळी पाहिजे. येत्या रविवारी सकाळी घंटागाडी येते, तोवर ज्याचं त्यानं उचलावं, न उचललेलं घंटागाडीत जाईल. कोणाला काही म्हणायचं आहे?

आठवडाभर ग्रुपवर कुरकुरणाऱ्या मंडळींपैकी कोणी तक्रारीचं नाव काढेना. माने सर अंगठ्याकडं बघत होते. भाभी म्हणाल्या, "माझं काही नाही मॅडम. चिंध्या नेतात, वर खोली झाडून देतात." वहिनी म्हणाल्या, "टाकीचं काम पण व्हायला पाहिजेच की," आणि गजरा नीट केला.

"शेडगे, तुमचं काय?"

"आठ दिवस बास हायत, मॅडम," सुभेदार म्हणाले.

मी वाट बघितली. पुढचे दोन शब्द आले नाहीत. ठराव मंजूर झाला. मी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्यांनी सही केली, टोपण लावून पेन परत दिलं आणि यादीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

आठवडा गेला. सोमवार ते शुक्रवार एक खोकं हललं नाही. शनिवारी सकाळी खाकी पिशवी घेऊन सुभेदार एसटीला गेले. म्हणजे रविवारी सकाळी मलाच सगळं घंटागाडीत घालावं लागणार. मी दुपारी चार वाजता यादी, मार्कर आणि सुतळी घेऊन वर गेले. टाकायचं असलं तरी काय टाकलं ते लिहिलेलं बरं, उद्या वाद नको. आणि खरं सांगायचं तर अकरा खोक्यांत काय आहे ते तीन वर्षांनी बघायची ही अधिकृत संधी होती.

पहिल्या खोक्यात चिंध्यांच्या बाहुल्या, सव्वीस. प्रत्येकीच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी: 'तोंड चपटं', 'तोंड बरं, हात लांब', 'जवळ आलं'. दुसऱ्यात काड्यापेट्यांची कपाटं. तिसऱ्यात ताटाच्या गाड्या, एकीची चाकं चांगली फिरत होती. मी दोनदा फिरवून बघितली. चौथ्यापासून वह्या, शाळेच्या दोनशे पानी वह्या, आणि पानापानात दाबलेली फुलं. तेरडा, गोकर्ण, कोरांटी, गुलबक्षी. खाली नाव आणि कुठून आणलं ते. 'रेल्वे गटार' खरंच लिहिलेलं होतं. मी फोनमधला फोटो काढून टाकला.

शेवटच्या खोक्यात फक्त लाल वस्तू होत्या. लाल कागदाचा पंखा. लाल कापडाचा बटवा. गुंजांची माळ. पांगाऱ्याच्या फुलांचं काहीतरी. लाल मेणाचा गणपती. कशाचा कशाशी मेळ नाही. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द: 'नव्हं'.

तळाशी प्लॅस्टिकमध्ये एक जुना कागद होता. तो मी उचलला आणि लगेच ओळखला, कारण असे कागद मी दर वर्षी करते. निकामी माल यादीवरून कायमचा कमी करायचा असला की असा तक्ता भरतात. आम्ही त्याला निर्लेखन म्हणतो. अनुक्रमांक, वस्तू, नग, स्थिती, कारवाई. पट्टीनं ओढलेल्या रेघा, सुभेदारांचं टाकानं लिहिल्यासारखं अक्षर.

एक, काड्यापेट्यांचं कपाट, नग एक. दोन, चिंध्यांच्या बाहुल्या, नग दोन, पैकी एक बिनडोक्याची. तीन, ताटाची गाडी, नग एक, चाक नादुरुस्त. चार, वाळकी फुलं, वही एक. पाच, लाल, ओळख पटत नाही, वजन नगण्य, नग एक. कारवाईच्या रकान्यात सगळ्यांना मिळून एक कंस आणि शब्द: 'जाळले'. खाली अधिकाऱ्याची सही. त्याच्या शेजारी 'मालधारक' असं लिहून दुसरी सही, शिसपेन्सिलीनं, एकेक अक्षर सुटं: वैशाली यशवंत शेडगे, इयत्ता चौथी ब.

पहिल्या चार नगांपुढं अलीकडच्या पेनानं बरोबरच्या खुणा होत्या. पाचव्यापुढं काही नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. सुभेदार पिशवी घेऊन थेट वर आले होते. माझ्या हातात कागद बघितला आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता चिडणार. मी म्हटलं, "यादी करत होते."

"व्हय. दिसतंय की." ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. माझ्याशी बोलताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"ही वैशाली..."

"पोरगी. साताऱ्यात असती. तवा नऊ वर्साची हुती. दोन म्हैन्याच्या सुट्टीवर आलो हुतो मी. सगळा जन्म बराकीत. घरात बघतो तर कोनाड्यात काड्यापेट्या, उशाखाली चिंध्या, पुस्तकात फुलं. आमच्याकडं अशा मालाचं बोर्ड बसतं, मॅडम. तीन अधिकारी येत्यात, माल बघत्यात, यादी करत्यात, कंडेम करत्यात. मी म्हटलं, घराचं इन्स्पेक्शन घेऊ. मीच तीन अधिकारी."

"आणि तिची सही?"

"कायद्यानं पायजे न्हवं. मालधारकाची. तिनं केली. पट्टीवर हात धरून, नीट. रडली न्हाई. मला वाटलं, शाब्बास, फौजीची पोर. परसात नेऊन जाळलं. ती बाजूला उभी हुती. रिपोर्ट मी ट्रंकेत ठिवला. सुट्टी संपली, गेलो."

माझ्या हातात दोन याद्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी. माझ्या यादीत रकाना एक जास्त होता.

"मग शनिवारी साताऱ्याला..."

"तिच्याकडंच. लय चांगली हाय. 'या पप्पा, बसा' म्हणती. चा करती, पोहे करती. जावाय चांगला. पर तुमी घर बगा तिचं. टेबलावर कायबी न्हाई. साधं पेन न्हाई वर. भिंतीला खिळा न्हाई. सगळं कपाटात, आन कपाट बंद. मी पिशवीत घिऊन जातो, कपाट, बाहुली, गाडी. आन बसतो पायाशी पिशवी घिऊन. एवढ्या चकाचक घरात हे काढू कुठं? ती इचारती, पिशवीत काय हाय? मी म्हणतो, औषधं."

"सहा महिने औषधं?"

"तीन वर्सं."

खाली घंटी वाजवत कोणाची तरी सायकल गेली. मी विचारलं, "देऊन टाका ना. चार वस्तू तर झाल्यात."

"पाच जाळल्या हुत्या. पाच द्याया पायजेत." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. "हा पाचवा काय हुता, ते मला कळलं न्हाई मॅडम. हातात घिऊन बघितला हुता मी. लाल हुता, हलका हुता. आन मी लिवलं, ओळख पटत न्हाई. तिला इचारायचं सोडून. म्हणून आता सगळ्यांना इचारत सुटलोय. कोण ना कोण लहानपणी तसलं बनवलं असंल."

"अहो, तिलाच विचारा."

"इचारायचं हाय."

"कधी?"

"आज इचारणार हुतो." ते मिशीवरून हात फिरवत राहिले. "आन ती म्हणाली, कसली लाल वस्तू, मला काय आटवत न्हाई, तर? मग जगात त्या वस्तूचा मी एकटाच साक्षीदार. आन मी तर तिला ओळखलंच न्हाई. आन आटवत असंल, तर त्याहून वाईट."

मी शेवटी कोई शक येतो का याची वाट बघितली. नाही आला.

मग मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "मी लहानपणी दुकान-दुकान खेळायचे. दगडांचं दुकान. त्याची साठावही बनवली होती. हातानं शिवून. किती दगड आले, किती गेले."

सुभेदार ताडकन उभे राहिले. रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं, पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं.

"पुठ्ठा कसला हुता वहीला? लाल?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण साठावहीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. "निळा," मी म्हटलं.

"निळा," त्यांनी लिहिलं, आणि रजिस्टर मिटलं.

रविवारी घंटागाडी आली. तिच्यात चार नग गेले, दोन मोडक्या कुंड्या, वहिनींचा गंजलेला सायकलपंप आणि एक कोणाचीच नसलेली बादली. उरलेले सदतीस माझ्या घरच्या माळ्यावर गेले. दोन बाय पाचची जागा मोकळी होतीच. चढवायला माने सर आणि भाभी होत्या. खोकी वर जाताना वहिनी म्हणाल्या, "काय सेक्रेटरी, भंगारात भागीदारी केली वाटतं." मी म्हटलं, इतिवृत्तात गच्ची रिकामी झाली असं लिहायचं आहे, आणि ती झाली आहे. फुलं वाळवायला पश्चिमेचा कोपरा त्यांना दिला, टाकीपासून सहा फूट लांब, खडूची रेघ मारून. विटा चौतीस, त्यांच्या नावावर उसन्या.

त्यांच्यावरचा माझा संशय गेला असं कोणी समजू नये. फक्त त्याचं कलम बदललं. पूर्वी मला वाटायचं हा माणूस काहीतरी करतो आहे. आता वाटतं, तो करत नाही. वैशालीचा नंबर माझ्याकडं आहे. भाडेकरूच्या फॉर्मवर 'तातडीच्या वेळी संपर्क' या रकान्यात त्यांनीच भरला होता. मी तो दोनदा फोनवर घेतला आणि खोडला. हे काम माझ्या यादीतलं नाही. म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी नोंद केली: 'अ. क्र. ५, लाल, नग एक. वैशालीला विचारणे. जबाबदारी: सुभेदार शेडगे.' त्यांना दाखवून खाली सही घेतली. त्यांनी पट्टीवर हात धरून, नीट केली.

गौरी येऊन गेल्या. दसरा झाला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी मी गॅलरीत असते. परवाही होते. पाचच्या सुमारास गेट वाजलं, सुभेदार आत आले, वर बघून त्यांनी मला कडक सलाम केला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गेली होती तेवढीच फुगलेली होती. मी आत जाऊन नोंदीपुढं 'बाकी' असं लिहिलं. पेन्सिलनं.